मानवी वावर: नगण्य

काळेवाडी,
गुरुवार, १० एप्रिल २०२५

प्रिय साक्षी,

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. कारण शोधत बसले तर सुट्टीचा आणखी एक गुरुवार जाईल, म्हणून कारण न देताच लिहिते. कच्छला कामासाठी जाताना तू म्हणाली होतीस, "ताई, फोन नको. फोनवर मला रडू येतं, तुला येत नाही, आणि मग दोघींनाही अपराधी वाटतं. त्यापेक्षा लिही." फेब्रुवारीत दोनदा बसले. "इकडे सर्व ठीक" याच्यापुढे काही गेलं नाही, आणि तेवढं तरी खरं आहे का हे ठरवता येईना.

ठीक म्हणजे असं. आई जेवते. गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घेते. अण्णांचा सिक्युरिटीचा युनिफॉर्म एजन्सीला परत द्यायचा होता, तो धुऊन, इस्त्री करून दिला. तिथल्या माणसानं तो घेतला आणि गठ्ठ्यावर टाकला. मी बघत होते. मला काही झालं नाही. काही व्हायला हवं होतं का, हा विचार मात्र बसमध्ये मोशीच्या सिग्नलपर्यंत करत होते.

तुझा मेसेज आईला वाचून दाखवला. फिनलंडच्या विद्यापीठात पीएच.डी.ची जागा, पॉप्युलेशन इकॉलॉजी, चार वर्षं, सप्टेंबरपासून. "म्हंजे पुन्हा पाखरंच?" तिनं विचारलं. तू मला एकदा सांगितलं होतंस तसं मी तिला सांगितलं: एका जागी किती जन्मले, किती मेले, बाहेरून किती आले, किती निघून गेले, याचा हिशेब. तर म्हणते, "हे तर आमच्या गावचा ग्रामसेवक बी करायचा. त्याला कुणी फिनलंडला नेलं न्हाई." आणि हसली. अण्णा गेल्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

कंपनीत क्वालिटीतल्या बायकांनाही सांगितलं. सांगताना लक्षात आलं की मला तुझा अभ्यास जरा कळला आहे. चुकत असेन तर दुरुस्त कर. आमच्या कंपनीशेजारचा तारेच्या कुंपणातला मोकळा प्लॉट, आणि महाळुंग्याच्या वरच्या अंगाचं उघडं गायरान. दोन्हीकडे टिटव्या मुरमात खळगा करून अंडी घालतात. गायरानातली बहुतेक अंडी कुत्री, मुंगसं, कावळे खातात. प्लॉटमधल्या बहुतेक घरट्यांतून पिल्लं निघतात. दोन उन्हाळे तू मोजलंस, दोन्ही वेळा तेच दिसलं. म्हणून कारखान्यांचे पडून असलेले बंदिस्त प्लॉट म्हणजे टिटव्यांना आसरा. फिनलंडच्या प्राध्यापक बाईंना हेच आवडलं आणि असे आसरे आणखी कुठे आहेत ते शोधायला त्यांनी तुला घेतलं. बरोबर?

त्या प्लॉटच्या गेटवर अण्णा होते, हे मात्र मी बायकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. आमच्या लॅबमधली पर्मनंट नोकरी त्यांनी किती जणांच्या दारात उभं राहून तुझ्यासाठी धरून ठेवली होती. तू नको म्हणालीस. मग पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "अंडी मोजायला शिकवलं का तुला?" आणि तू खोली घेऊन राहायला गेलीस. नंतर तुमचं बोलणं गेटवरच. एकदा डब्याच्या सुट्टीत मी पाहिलं होतं. त्यांनी तुझ्यापुढे रजिस्टर सरकवलं. "नाव लिहा. वेळ टाका. सही करा." पोटच्या पोरीला अहो-जाहो. तू सही केलीस आणि "धन्यवाद" म्हणालीस. मी डबा न खाताच परत गेले होते.

गेटकडून प्लॉटचा एक फोटो हवा म्हणालीस. पुढच्या आठवड्यात काढते. कच्छात ऊन फार असेल. डोकं झाकून फिर.

अभिनंदन करायचं राहिलंच. अभिनंदन.

तुझी,
ताई

काळेवाडी,
गुरुवार, २४ एप्रिल २०२५

प्रिय साक्षी,

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आहे, नेटवर्क आलं की मिळेल. डाव्या कोपऱ्यात माझी सावली आली आहे. नको असेल तर कापून टाक.

प्लॉटवर दादासाहेब भेटले. सिक्युरिटीची एजन्सी त्यांचीच, आणि तो प्लॉटही कधीकाळी त्यांच्याच घरची जमीन होती. गळ्यातली चेन पहिल्यापेक्षा जाड झाली आहे. अण्णांबद्दल बरंच बोलले. ते पुढे कधीतरी सांगेन.

गेटवर आता नवा माणूस आहे. तो केबिनमध्ये मोबाईल बघत असतो. घरटी आहेत. गेटपासून जरा आत, सिमेंटच्या जुन्या पाइपापाशी एक जोडी बसली आहे. मी लांबूनच पाहिलं.

एक विचारायचं होतं. तुझा एम.एस्सी.चा प्रबंध पुन्हा वाचला. अभ्यासक्षेत्राच्या वर्णनात प्लॉटबद्दल एक वाक्य आहे, "मानवी वावर: नगण्य." नगण्य म्हणजे किती? म्हणजे कोण धरलं आहेस आणि कोण नाही? मला आकडेवारीतलं कळत नाही, सहज विचारते आहे.

आईचा गुडघा बरा आहे. चौदा एप्रिलला ती विहारापर्यंत चालत गेली.

ताई

काळेवाडी,
गुरुवार, ८ मे २०२५

प्रिय साक्षी,

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण एक गोष्ट गाळली होती. हल्ली विहारात पंचशील म्हणताना "मुसावादा", म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, आलं की मी नुसते ओठ हलवते. न बोलणं त्यात धरतात का, हे भन्तेजींना विचारावंसं वाटतं. विचारलं नाही, कारण ते विचारतील, कशाबद्दल?

तुझं उत्तर आलं. "एक वॉचमन, केबिनमध्ये बसून. त्याचा घरट्यांवर परिणाम नाही." तू "अण्णा" लिहिलं नाहीस. अभ्यासात तसंच लिहीत असतील.

फोटो काढायला गेले तेव्हा दादासाहेब गाडीतून उतरले आणि उतरता उतरताच अण्णांबद्दल म्हणाले, "मॅडम, जयसिंगराव मानूस लाखाचा. पर ह्या पाखरांपायी त्येनं मला लई ताप दिला बघा."

मी विचारलं, "कसला ताप?"

"आवो, केबिन हितं गेटाला. आन् ह्यो गडी पार तिकडं मधोमध खुर्ची टाकून बसायचा. भर उन्हात, छत्री बांधून! मी म्हनलं, जयसिंगराव, चोर काय आभाळातनं पडनार हाय का? तर म्हने, दादासाहेब, हितला चोर चार पायाचा हाय."

ते हसत सुटले होते.

"कुत्रं दिसलं का काठी. मुंगूस दिसलं का काठी. कावळ्याला ढेकळं. डूटी संपली तरी गडी जागचा हलायचा न्हाई, पुढच्याला समदं समजावून जायचा. रात्रपाळीच्या पोराला तर माझ्यादेखत दम दिलाय, हितं एक अंडं जरी गेलं तर माझ्याशी गाठ हाय म्हनून. पाखरं बी त्येला सरावल्याली. दुसरं कुनी आत गेलं का बोंबलून रान उठवायची. त्येच्यावर न्हाई."

"पण माझी बहीण यायची तेव्हा..."

"तवाच तर खरी गंमत! तुमच्या भैनीची गाडी वळनावर दिसली का खुर्ची, छत्री, काठी समदं उचलून केबिनात. आन् साळसूदावानी रजिस्टर पुढं! मी एकडाव हसलो, तर मलाच म्हने, गप ऱ्हावा दादासाहेब, पोरीचं मार्क जातील."

"कसले मार्क?"

"आता ते तुमी शिकल्यालं सांगा. त्येंचं म्हननं असं, की जेवढी पिल्लं निघत्याल तेवढं पोरीला मार्क. रिजेक्शन वाढलं का मार्क कापत्यात. मला म्हने, आजून पातूर तिचं रिजेक्शन आपन लई कमी ठिवलंय."

वॉचमन होण्याआधी अण्णांनी अख्खी नोकरी प्रेस शॉपमध्ये काढली. ओके पीस किती, रिजेक्शन म्हणजे बाद किती, यावर ज्यांचा महिना ठरायचा त्यांना तुझा अभ्यास असाच कळणार. परीक्षा म्हणजे पिल्लं काढून दाखवायची. तू फक्त बघायला येतेस, काय होतं तेवढंच लिहून नेतेस, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तू त्यांच्याशी बोलत नव्हतीस. मी बोलत होते, पण मला वाटलं त्यांना त्यात रस नाही.

मी दादासाहेबांना "बरं" म्हटलं आणि फोटो काढला.

नंतर विचार केला, दादासाहेब रंगवून सांगतात. एका खुर्चीनं आणि एका काठीनं असा किती फरक पडणार? म्हणून रोज डब्याच्या सुट्टीत गेटवर जाऊन उभी राहू लागले. पाइपापाशी जोडी होती, तुला लिहिलंच आहे. मागच्या मंगळवारी कुंपणाखालच्या मोरीतून एक कुत्री आत आली. मुरमाच्या रंगाची, आचळं लोंबत होती. दोन्ही टिटव्या तिच्या डोक्यावर घिरट्या घालून किंचाळायला लागल्या. नर पंख मोडल्यासारखं करून लांब लांब पळत होता, तिला तिकडे न्यायला. ती गेली नाही. केबिनच्या भिंतीला काठी टेकवलेली होती. नवा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, हाकलू का?"

मी म्हटलं, "नको."

काठी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी उभी राहिले. कुत्रीनं अंडी खाल्ली, मग तोंड मुरमाला पुसलं. टिटव्या बराच वेळ ओरडत होत्या. मी परत येऊन दुपारच्या लॉटच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर सह्या केल्या. हात नेहमीसारखाच चालला. संध्याकाळी नीट विचार केला तेव्हा वाटलं, नको म्हणणारी मी कोण? तुझ्यासाठी नको म्हटलं, की मला खात्री करून घ्यायची होती म्हणून? कळत नाही. प्लॉटमधली बाकीची घरटीही यंदा एकेक करून रिकामी होत आहेत. कुंपण तेच आहे.

आमच्याकडे ऑडिटर येणार म्हटलं की त्या मशीनवर सगळ्यात मुरलेला ऑपरेटर उभा करतात. पार्ट एकदम ओके निघतात. ऑडिटर लिहून नेतो, मशीन उत्तम. हे मी नोकरीला लागल्यापासून पाहते आहे आणि कधीच पटलं नाही. तुझ्या प्लॉटचं तेच झालं आहे. कुंपण उत्तम, असं तू लिहिलंस. कुंपणाच्या आत अण्णा होते.

आईला सांगितलं. तिला काठीचं आधीच माहीत होतं. "उन्हात बसू नका म्हणून मी डोकं फोडून घेतलं. ऐकतंय कोण?" म्हणाली. यामुळे तुझी जागा जाऊ शकते, असं सांगितल्यावर ती भाजी निवडायची थांबली.

"मग सांगू नको की."

"आई, ते चुकीचं आहे."

"सांग, पण आधी जाऊ दे तिला. एकदा इमानात बसल्यावर कोण उतरवायलंय? तवर गप बस. तुला लई खरं बोलायची खाज. तुझ्या खरं बोलण्यानं आजवर कुणाचं भलं झालंय, सांग बरं मला."

मी तिची उरलेली भाजी निवडायला घेतली.

तिचं म्हणणं मी दोन दिवस मनात धरून पाहिलं. तू तिकडे गेलीस, चार वर्षं असे आसरे शोधलेस, आणि ते कुठेच सापडले नाहीत, तर? किंवा त्याहून वाईट, प्रत्येक प्लॉटवर तुला ते सापडल्यासारखे वाटले, तर? शिवाय स्वतःला विचारलं, की तू लांब जाऊ नयेस असं मला वाटतं म्हणून तर मी हे सांगत नाही ना? प्रामाणिकपणे, थोडं तसंही आहे. ते वजा केलं तरी सांगायला हवंच, असं उत्तर येतं. वजाबाकी मीच केलेली असल्यामुळे तिच्यावर किती विसंबायचं ते तू ठरव.

यापुढे काय करायचं तेही तूच ठरव. तू कुणाला सांगितलं नाहीस, तर मीही सांगणार नाही. दादासाहेबांना यातलं काही कळलेलं नाही. पण हे मला एकटीलाच माहीत असणं बरोबर नव्हतं. तुझ्या अभ्यासासाठी नव्हतं, आणि दुसऱ्या कारणासाठीही नव्हतं. अण्णा तुझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत, एवढंच तुला माहीत होतं.

हे पत्र रजिस्टर्ड पोस्टानं पाठवते आहे. फोन करावासा वाटला तर कर. मी उचलेन.

ताई

काळेवाडी,
गुरुवार, १९ जून २०२५

प्रिय साक्षी,

तू फोन केला नाहीस. मी वाट पाहिली, पण तक्रार म्हणून सांगत नाही. पत्र परवा मिळालं.

माझं पत्र मिळालं त्याच दिवशी तू बाईंना सगळं कळवलंस. मला वाटलं होतं, निदान आठवडाभर विचार करशील. यंदाची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली, कारण ज्या प्रश्नासाठी ती होती तो प्रश्नच उरला नाही, हे तू इतक्या साध्या शब्दांत लिहिलं आहेस की मी ते दोनदा वाचलं, मधे काही सुटलं का ते पाहायला. पहारा होता आणि पहारा नव्हता, अशा दोन्ही काळांतली आकडेवारी आता आपल्याकडे आहे, ती नीट मांडून जानेवारीत पुन्हा अर्ज कर, असं बाईंनी सुचवलं. खात्री देत नाही, असंही त्यांनी लिहिलं. सरळ बाई दिसतात.

आईला सांगितलं. दोन दिवस ती नुसती ताट वाढायची आणि आत जायची. आज सकाळी म्हणाली, "पुढच्या साली जाईल की. काय म्हातारी झालीय का ती?" मग थोड्या वेळानं, "ती रडली का गं?" मी म्हटलं, पत्रातून कळत नाही. "तू वाचून बी तुला कळत न्हाई?" म्हणाली. नाही कळलं. अक्षर नेहमीसारखंच होतं.

आता तुझे प्रश्न. तू ते पानाच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या पेनानं लिहिले आहेत. दोन उन्हाळ्यांच्या नोंदींना "पहाऱ्याचा परिणाम" जोडायचा तर हे लागेल, असं वर लिहिलं आहेस. खुर्ची नेमकी कुठे असायची? तोंड कोणत्या दिशेला? त्यांच्या पाळ्या कोणत्या होत्या? कुत्रं किती जवळ आलं की उठायचे? घरट्याच्या किती जवळ जायचे? आणि सगळ्यात खाली, जरा जागा सोडून: माझी गाडी दिसल्यावर ते लगेच आत जायचे, की थोडा वेळ बघत थांबायचे?

आईला मी प्रश्न वाचून दाखवले. शेवटचा वाचला नाही.

पाळ्यांचं आईला विचारून लिहिते: पहिले काही महिने सकाळची, नंतर त्यांनी स्वतः मागून दुपारची घेतली. सकाळची संपल्यावरही ते संध्याकाळपर्यंत तिथेच असायचे. डबा दोन वेळचा न्यायचे. आईला वाटायचं ओव्हरटाइम आहे. पगारात तो कधी दिसला नाही, तेव्हा तिनं विचारलं, तर म्हणाले, "कंपनीचं काम न्हाई, घरचं हाय." हे तुझ्या अभ्यासात कुठे बसेल, मला माहीत नाही. मला माहीत होतं ते लिहिलं.

बाकीचं दादासाहेबांना फोनवर विचारायला गेले. मी एकेक प्रश्न वाचत होते आणि ते मधेच थांबवून म्हणाले, "मॅडम, आसं फोनवर कसं सांगू? आन् तुमचा आवाज का आसा येतोय? जाग्यावर चला, समदं दावतो. त्येची बसायची जागा डोळे झाकून दावीन मी."

तुझा शेवटचा प्रश्नही त्यांना तिथेच विचारेन. त्यांना आठवत असेल तर जसं सांगतील तसं लिहीन, माझं काही घालणार नाही. आठवत नसेल तर तेही लिहीन.

प्लॉटमध्ये आता एकही घरटं नाही. तू आलीस तर नोंद करायला काही उरलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. तरी ये. आईनं सांगायला सांगितलं आहे असं लिहिणार होते, पण तिनं सांगितलेलं नाही. मी म्हणते आहे.

तुझी,
ताई

उद्या: दादासाहेबांना दुपारी प्लॉटवर नेणे, आणि अण्णा बसायचे ती जागा चुन्याने आखून घेणे.